डोंगर कोणाचा, परवानगी कोणाची?

आमच्या टेबलावर एक लिटरची काचेची बाटली ठेवलेली आहे. गोव्यातल्या डिचोली तालुक्यात, एका जुन्या खाणीच्या पायथ्याच्या ओढ्यावर, भर जुलैत आम्ही ती भरून आणली. भरली तेव्हा पाणी गेरू कालवल्यासारखे लाल होते. दहा मिनिटांत तळाशी जाडसर रेतीचा थर बसला. तासाभराने त्यावर मऊ गाळ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिले तर वरचे पाणी अजूनही तांबूसच. तिसऱ्या दिवशी ते बरेचसे निवळले, पण बाटलीमागे धरलेला छापील कागद काही नीट वाचता येईना.

ही बाटली आम्ही अकरावीच्या एका वर्गात नेली. ओढा कुठला, वर काय आहे, हे सांगितल्यावर एका मुलीने सरळ विचारले, "एवढं होतं तर सरकार परवानगी देतंच कशी?" प्रश्न साधा वाटला, उत्तर देताना मात्र आमची तारांबळ उडाली. कारण 'परवानगी' हा एक शब्द असला तरी ती एक वस्तू नाही. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणींची गोष्ट या निमित्ताने मुळापासून पाहू. देशातल्या इतर खाणींनाही यातला बराचसा भाग लागू पडतो.

वरचे आणि खालचे

डोंगर कोणाचा, इथून सुरुवात करावी लागते. डोंगराचा पृष्ठभाग वनखात्याचा असेल, सरकारचा असेल, गावच्या कोमुनिदादचा असेल किंवा एखाद्याच्या खाजगी काजूबागेचा असेल. त्याची नोंद गोव्यात एक-चौदाच्या उताऱ्यात सापडते, जशी आपल्याकडे सातबारात. पण पृष्ठभागाखालचे लोहखनिज हे वेगळे प्रकरण आहे. त्याचा मालक राज्य आहे, आणि राज्य म्हणजे मंत्रालयातली खुर्ची नव्हे; लोकांच्या वतीने सांभाळ करणारा विश्वस्त. नद्या, जंगले, समुद्रकिनारा अशा गोष्टी सरकारच्या हाती विश्वस्त म्हणून असतात, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने बियास नदीकाठच्या एका हॉटेलच्या खटल्यात १९९६ च्या डिसेंबरात स्पष्ट शब्दांत मांडले होते.

खाणवाल्याला मिळतो तो खाणपट्टा, म्हणजे लीज. ठरावीक क्षेत्रातून, ठरावीक काळ, ठरावीक खनिज काढून नेण्याचा हक्क. त्याबदल्यात तो राज्याला स्वामित्वशुल्क देतो. घर भाड्याने घेणे आणि घर विकत घेणे यात जो फरक, तोच इथे आहे. एक गोष्ट मात्र वेगळी आहे: भाडेकरू घर सोडताना घर जागेवरच असते. खाणपट्टा संपतो तेव्हा ज्यासाठी तो घेतला ते खनिज संपलेले असते आणि डोंगराच्या जागी खड्डा असतो.

गोव्यात हा फरक बरीच वर्षे पुसट राहिला, त्याला इतिहास कारण आहे. पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या एका वसाहती कायद्याखाली खाणींच्या सवलती दिल्या गेल्या. त्या कायमच्या होत्या. विसाव्या शतकाच्या मध्याला जपानच्या पोलाद कारखान्यांकडून मागणी आली तशा अशा शेकडो सवलती वाटल्या गेल्या. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, १९६३ मध्ये देशाचा खाण व खनिज कायदा तिथे लागू झाला, तरी जुन्या सवलती चालूच राहिल्या. अखेर १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या आणि त्यांना खाणपट्टे ठरवले, तेही मागच्या तारखेपासून, म्हणजे २० डिसेंबर १९६१ पासून. कायमचा हक्क एका रात्रीत मुदतीचा झाला. ही मुदत पुढे किती महत्त्वाची ठरली ते नंतर येईलच.

चार कुलपे

समजा, आपल्याला गोव्यात एक खाण सुरू करायची आहे. खाणपट्टा हातात आला म्हणजे फावडे मारायला आपण मोकळे झालो, असे नव्हे. खाणपट्टा हे पहिले कुलूप. त्याच्याच जोडीला खाण आराखडा लागतो: किती खोल जाणार, वरची माती कुठे टाकणार, दरवर्षी किती खनिज काढणार. तो नागपूरला मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडून तपासून घेण्याची पद्धत आहे. खाण बंद करताना जमीन कशी सावरणार, याचा आराखडाही २००३ पासून द्यावा लागतो.

दुसरे कुलूप जंगलाचे. जमीन वन असेल तर १९८० च्या वन संवर्धन कायद्याप्रमाणे केंद्र सरकारची आधी मान्यता हवी. वन कशाला म्हणायचे याचा घोळ १९९६ पर्यंत होता. त्या वर्षी १२ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात सांगितले की सरकारी दप्तरात नोंद असो वा नसो, शब्दकोशातल्या अर्थाने जे वन, ते वन. त्या दिवसापासून अनेक खाजगी रानेही या कायद्याच्या कक्षेत आली. अभयारण्य जवळ असेल तर वन्यजीव मंडळाचा प्रश्न येतो. गोव्यात तो हटकून येतो, कारण राज्य सारे ३७०२ चौरस किलोमीटरचे आणि सह्याद्रीच्या बाजूने अभयारण्यांची ओळच लागलेली: म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव.

तिसरे कुलूप पर्यावरणीय मंजुरीचे. आणि चौथे, राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, १९७४ च्या जल कायद्याखाली आणि १९८१ च्या वायू कायद्याखाली. एक संमती उभारणीसाठी, दुसरी चालवण्यासाठी.

चारही कुलपांच्या किल्ल्या वेगवेगळ्या कार्यालयांत आहेत. प्रत्येक कार्यालय आपापले कुलूप पाहते. वनखाते झाडे मोजते, प्रदूषण मंडळ पाण्याचे नमुने घेते, खाण ब्युरोला खनिज वाया न जाण्याची काळजी. चारही उघडल्यावर डोंगराचे एकूण काय होते, हे पाहण्याची जबाबदारी कागदोपत्री तिसऱ्या कुलपावर आहे. म्हणून आपणही तिथेच जरा जास्त वेळ थांबू.

मंजुरी कशी मिळते

पर्यावरण परिणाम मूल्यमापन आपल्या देशात सक्तीचे झाले ते २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेने. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. तिच्यात प्रकल्पांचे दोन वर्ग आहेत. मूळ मजकुराप्रमाणे ५० हेक्टर व त्याहून मोठ्या खाणी 'अ' वर्गात, म्हणजे दिल्लीच्या अखत्यारीत. त्याहून लहान, पण ५ हेक्टरपेक्षा मोठ्या 'ब' वर्गात, म्हणजे राज्यपातळीवरच्या प्राधिकरणाकडे. (या मर्यादा पुढे अनेकदा बदलल्या.)

मंजुरीचा प्रवास असा असतो. अर्ज आला की तज्ज्ञ समिती अभ्यासाची चौकट ठरवून देते: काय मोजायचे, किती अंतरापर्यंत मोजायचे. त्याप्रमाणे मसुदा अहवाल तयार होतो. मग जनसुनावणी. तिची सूचना तीस दिवस आधी द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि ती घ्यायची जबाबदारी प्रदूषण मंडळाची असते. सुनावणीतले आक्षेप धरून अहवाल सुधारायचा, मग समिती शिफारस करणार, मग मंजुरीचे पत्र. त्या पत्रात अटींची लांबलचक यादी असते.

वाचायला हे सगळे चांगलेच आहे. मेख एका छोट्याशा मुद्द्यात आहे. हा अहवाल लिहितो कोण? खाण काढणारा नेमेल तो सल्लागार. त्याचे शुल्कही तोच देतो. आपल्या शाळेत विद्यार्थ्याने स्वतःची उत्तरपत्रिका तपासायला शिक्षक नेमायचा आणि त्याचा पगारही द्यायचा, अशी सोय केली तर निकाल कसा लागेल, याची कल्पना शिक्षकवर्गाला देण्याची गरज नाही.

दुसरी मेख विज्ञानाची आहे, आणि आम्हाला ती जास्त गंभीर वाटते. खाण सुरू होण्याआधीची परिस्थिती मोजून ठेवायची असते. नंतरच्या बदलाची तुलना तिच्याशी करायची. ही मोजणी किती दिवस करायची? खाणींसाठीच्या ठरीव चौकटीत एका ऋतूची मोजणी पुरेशी धरली आहे, आणि तो ऋतू पावसाळा सोडून! उन्हाळा चालेल, हिवाळा चालेल, पावसानंतरचे तीन महिने चालतील. कोरड्या प्रदेशात हे खपून गेले असते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. खाणीचे पाण्यावर जे काही परिणाम व्हायचे ते नेमके या चार महिन्यांत होतात. एप्रिलमधला ओढा मोजून जुलैमधल्या ओढ्याबद्दल बोलायचे म्हणजे वर्ग रिकामा असताना गोंगाट मोजण्यासारखे आहे.

तिसरी गोष्ट जागेवर जाऊन पाहण्याची. पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी डॉ. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये दिलेल्या अहवालात केपे तालुक्यातल्या कावरे गावाचे उदाहरण आहे. तिथल्या देवापान डोंगरावरच्या खाणीच्या मूल्यमापन अहवालात लिहिले होते की खाणपट्ट्यात पाण्याचे प्रवाह नाहीत. हा गट प्रत्यक्ष डोंगरावर गेला तेव्हा तिथे बारमाही झरे होते. तो डोंगर तिथल्या वेळीप समाजाला पवित्र आहे आणि गावाचा खाणीला विरोधही होता. झरे शोधायला उपग्रह लागत नाही. गावातल्या कोणत्याही बाईला विचारले असते तर तिने बोट करून दाखवले असते.

बाटलीतला गाळ काय सांगतो

आता आमच्या बाटलीकडे परत येऊ, कारण मंजुरीच्या पत्रातली एक नेहमीची अट तिच्यावरून तपासता येते.

गोव्याचे लोहखनिज जांभ्याच्या थराखाली असते. वर कठीण सडा, त्याखाली मऊ चिकणमाती, आणि मग खनिज; त्यातही बराच भाग भुसभुशीत, पुडीसारखा. एक टन खनिज काढायला साधारण अडीच ते तीन टन माती-मुरूम उपसावा लागतो. हा मुरूम खाणीच्या शेजारी रचून ठेवतात, त्याला तिकडे 'डंप' म्हणतात. दुरून पाहिले तर नवा डोंगरच वाटतो. फरक इतकाच की जुन्या डोंगराला जांभ्याचे टोपण आणि झाडांची मुळे होती. याला दोन्ही नाहीत.

अशा डंपवरून वाहणारे पाणी ओढ्यात जाण्याआधी तळ्यात अडवावे, गाळ बसू द्यावा, मग पाणी सोडावे, अशी अट असते. सांडपाणी नदीनाल्यात सोडण्याच्या सर्वसाधारण मानकात तरंगत्या कणांची मर्यादा लिटरमागे १०० मिलिग्रॅम आहे. म्हणजे चिमूटभर मिठाहूनही कमी. हे जमते का, ते अकरावीच्या भौतिकशास्त्राने पाहू.

स्थिर पाण्यात बुडणाऱ्या बारीक कणाचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. हा स्टोक्सचा नियम. ०.१ मिलिमीटर व्यासाचा रेतीचा कण एक मीटर पाणी सुमारे दोन मिनिटांत पार करतो. चिकणमातीचा कण याच्या पन्नासावा भाग, म्हणजे ०.००२ मिलिमीटर धरला, तर त्याचा वेग २५०० पट कमी. तोच एक मीटर उतरायला त्याला तीन दिवसांहून जास्त लागतात. बाटलीत आम्ही जे पाहिले ते हेच: रेती मिनिटांत, माती दिवसांत.

समजा १०० हेक्टरचा खाणपट्टा आहे आणि दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस सलग तीन दिवस पडतो आहे. गोव्यात जुलैत याचे कोणाला आश्चर्य वाटणार नाही. एका हेक्टरवर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १००० घनमीटर पाणी. १०० हेक्टरवर रोज एक लाख घनमीटर. उघड्या, दाबलेल्या जमिनीत फार थोडे मुरते, म्हणून सोयीसाठी सगळे वाहिले असे धरू. हे पाणी तीन दिवस अडवायचे तर तीन लाख घनमीटरांचे तळे हवे. एक मीटर खोल तळे केले तर त्याला ३० हेक्टर जागा लागेल. खाणपट्ट्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा! मुले इथे हमखास म्हणतात, तळे खोल करा. पण दुप्पट खोल केले की कणाला उतरायलाही दुप्पट वेळ लागतो, आणि दुप्पट दिवस पाणी अडवावे लागते. हिशेब तिथेच येतो. खोली वाढवून सुटका नाही, क्षेत्रफळच हवे.

प्रत्यक्षात मातीचे कण एकमेकांना चिकटून थोडे लवकर बसतात, बंधारे एकामागून एक घालता येतात, डंपवर झाडे लावून गाळ मुळातच कमी करता येतो. तेव्हा हा आकडा शेवटचा शब्द नव्हे. पण 'गाळ बसवण्यासाठी तळे बांधावे' एवढ्याच अटीत तळ्याचे क्षेत्रफळ आणि पाऊस यांचे गणित नसेल, तर ती अट रेती अडवते आणि माती सोडून देते. शेतात जाते ती मातीच. भाताच्या वाफ्यात तिचा थर बसून वाळला की वर पापुद्रा धरतो. डिचोली-सत्तरीतले शेतकरी त्याबद्दल वर्षानुवर्षे तक्रार करत आले आहेत.

पाण्याचे दुसरे टोकही सांगायला हवे. भुसभुशीत खनिजाचा थर हाच डोंगराच्या पोटातला पाण्याचा साठा असतो. खाण भूजलपातळीच्या खाली गेली की खड्डा कोरडा ठेवायला पंप लावावे लागतात. गोव्यातले कित्येक खड्डे तर समुद्रसपाटीच्याही खाली गेले आहेत. पंप चालू झाला की आजूबाजूच्या विहिरींची पातळी उतरते. डिचोलीतल्या शिरगावच्या विहिरी आणि शेतांचा प्रश्न याच कारणाने उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पावसात शेतात नको ते पाणी आणि उन्हाळ्यात विहिरीत हवे ते नाही, अशी ही दुहेरी कोंडी.

एकेक खाण आणि सगळ्या खाणी

प्रत्येक खाणीचा अहवाल स्वतंत्र असतो, आणि प्रत्येकात आपल्या खाणीचा परिणाम 'मर्यादित' असल्याचे लिहिलेले सापडते. ते कदाचित खरेही असेल. पण डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या पट्ट्यात एकाच वेळी नव्वदेक खाणी चालू असतील तर मर्यादितांची बेरीज किती? याचा विचार झालाच नव्हता असे नाही. १९९७ मध्ये दिल्लीच्या टेरी संस्थेने सगळ्या खाणपट्ट्याचा एकत्रित अभ्यास केला होता. मंजुऱ्या मात्र नंतरही एकेकट्याच मिळत राहिल्या.

बेरजेचा अंदाज ट्रकवरून येतो. २०१०-११ च्या सुमारास गोव्याच्या बंदरांतून वर्षाला पाच कोटी टनांच्या आसपास खनिज बाहेर जात होते (त्यात काही कर्नाटकातून आलेले). जपानपेक्षा चीनची मागणी मोठी झाली होती आणि पूर्वी टाकून दिलेले हलक्या प्रतीचे खनिजही खपत होते. वर्षाला दोनच कोटी टन धरले आणि ट्रकमागे १० टन, तर २० लाख खेपा होतात. पावसाळा व सुट्या वगळून २०० दिवस काम झाले तर रोज १०,००० भरलेले ट्रक खाणीकडून नदीकाठच्या धक्क्याकडे जाणार. तिथून मांडवी आणि जुवारी नद्यांतून बार्जने मुरगाव बंदराकडे. बारा तासांत हे ट्रक विभागले तर सगळ्या रस्त्यांवर मिळून दर चार सेकंदांना एक. पाच कोटी टनांना याची अडीच पट. सत्तरीतल्या सोनशी गावच्या लोकांनी २०१७ मध्ये रस्त्यावर उतरून ट्रक अडवले, ते या धुळीमुळेच.

तारखांचा हिशेब

वर मुदतीबद्दल सांगितले होते. १९८७ च्या कायद्याने ठरलेल्या खाणपट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर १९८७ ला संपत होती. वीस वर्षांचे पहिले नूतनीकरण धरले तर २२ नोव्हेंबर २००७. पुढे काय? नियमांत एक तरतूद होती: खाणवाल्याने वेळेत अर्ज केला आणि सरकारने त्यावर निर्णयच दिला नाही, तर निर्णय होईपर्यंत खाणपट्टा वाढला असे मानले जाईल. 'मानले जाईल' हे दोन शब्द नीट लक्षात ठेवावेत. सरकारने फाईल उघडली नाही की खाण आपोआप चालू.

न्यायमूर्ती एम. बी. शहा आयोगाचा गोव्यावरचा अहवाल ७ सप्टेंबर २०१२ रोजी संसदेत ठेवला गेला. बेकायदा खाणकामामुळे सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा त्यातला अंदाज पुढे खूप वादात सापडला. तो कसा काढला यावर आजही मतभेद आहेत. पण अहवालाचा परिणाम तत्काळ झाला. तीनच दिवसांत राज्य सरकारने खाणी थांबवल्या, १४ सप्टेंबरला केंद्राने पर्यावरणीय मंजुऱ्या स्थगित केल्या आणि ५ ऑक्टोबरला गोवा फाउंडेशन या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम व वाहतूक बंद केली.

निकाल आला २१ एप्रिल २०१४ रोजी. न्यायालयाने सांगितले की 'मानलेली' मुदतवाढ फक्त पहिल्या नूतनीकरणाला लागू होते. दुसऱ्या वेळी सरकारने कारणे नोंदवून निर्णय घ्यावाच लागतो. म्हणून २२ नोव्हेंबर २००७ नंतरचे सगळे खाणकाम बेकायदा. एका तारखेने पाच वर्षांचा धंदा कायद्याबाहेर गेला. त्याच निकालात खाणपट्ट्याबाहेर डंप टाकायला मनाई झाली, अभयारण्यांच्या हद्दीपासून एक किलोमीटरात खाण नको असे ठरले, आणि दोन गोष्टी अशा आल्या की ज्या आधीच्या कोणत्याही कुलपात नव्हत्या. तज्ज्ञ समितीच्या मतावरून सगळ्या गोव्याला मिळून वर्षाला दोन कोटी टनांची हंगामी मर्यादा घातली गेली. बेरजेवरचा हा पहिला लगाम. आणि विक्रीच्या रकमेतला १० टक्के भाग लोहखनिजाच्या कायमस्वरूपी निधीत टाकायचा, खनिज संपल्यावर जन्माला येणाऱ्यांसाठी.

यानंतर जे झाले ते वाचून हसावे की रडावे कळत नाही. न्यायालयाला अपेक्षित होते कायद्याप्रमाणे नव्याने खाणपट्टे देणे. राज्याने ८८ जुने खाणपट्टेच पुन्हा वाढवून दिले. १२ जानेवारी २०१५ रोजी केंद्राचा अध्यादेश आला की यापुढे खाणपट्टे लिलावानेच द्यायचे; ८८ पैकी बरेचसे त्याआधीच्या शेवटच्या दिवसांत वाढवलेले होते. ७ फेब्रुवारी २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ते सगळे रद्द केले, नवे खाणपट्टे आणि नव्या पर्यावरणीय मंजुऱ्या मागितल्या, आणि १५ मार्चनंतर खाणी पुन्हा बंद झाल्या. आदल्या वर्षी, २ ऑगस्ट २०१७ ला, ओडिशातल्या खाणींबाबत त्याच न्यायालयाने मंजुरीशिवाय किंवा मंजुरीपेक्षा जास्त काढलेल्या खनिजाची पूर्ण किंमत वसूल करायला सांगितले होते.

कर्ज काढून ट्रक घेतलेले, बार्जवर काम करणारे, गॅरेज आणि खाणावळी चालवणारे असे हजारो लोक दोन्ही वेळा एका दिवसात रिकामे झाले. त्यांच्या घरी हप्त्यांच्या नोटिसा गेल्या. परवानगीतल्या चुका त्यांनी केलेल्या नव्हत्या. गोव्यातले आमचे शिक्षकमित्र सांगतात की वर्गात एका बाकावर ट्रकमालकाचा मुलगा आणि शेजारी गाळाने शेत गेलेल्याची मुलगी बसते. तिथे हा धडा शिकवताना शब्द जपून वापरावे लागतात. आम्हाला विचाराल तर तिथेच तो शिकवायला हवा.

आता काय तपासता येईल

२०२२ च्या अखेरीस गोव्यात खाणपट्ट्यांचे लिलाव सुरू झाले. पहिल्या फेरीत डिचोलीचा पट्टा होता, शिरगाव-मयेचाही होता. जनसुनावण्या झाल्या आणि २०२४ मध्ये डिचोलीची खाण नव्या मंजुरीने सुरू झाली. म्हणजे चारही कुलपे पुन्हा पहिल्यापासून उघडली जात आहेत, आणि या वेळी ती उघडताना पाहता येतात.

२००६ च्या अधिसूचनेप्रमाणे मंजुरीची बातमी दोन स्थानिक वृत्तपत्रांत छापावी लागते, एक स्थानिक भाषेतले. अटी पाळल्या की नाही याचा अहवाल खाणवाल्याने दर सहा महिन्यांनी द्यायचा असतो, १ जून आणि १ डिसेंबरला, आणि तो सर्वांना खुला असतो. आपल्या भागात खाण असेल, मग ती गोव्यात असो, सिंधुदुर्गात असो की गडचिरोलीत, तर वरच्या वर्गातल्या मुलांना मंजुरीचे पत्र आणि हा सहामाही अहवाल शेजारी ठेवून वाचायला द्यावेत. पाण्याचे नमुने कोणत्या महिन्यात घेतले तो रकाना आधी पाहायचा.

मग स्वतः मोजायचे. ओढ्याचे एक लिटर पाणी घ्या. एक नमुना खाणीच्या वरच्या अंगाने, एक खालच्या. दोन गाळणकागद उन्हात किंवा ओव्हनमध्ये वाळवून प्रयोगशाळेच्या तराजूवर तोला. पाणी गाळा, कागद पुन्हा पूर्ण वाळवा, पुन्हा तोला. वजनातला फरक म्हणजे लिटरमागे तरंगते कण. तराजू १० मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा असला तरी १०० च्या मर्यादेशी तुलना करायला पुरतो. गाळायला फार वेळ लागतो, कागदाची छिद्रे लवकर बुजतात. थोडेथोडे पाणी ओतत राहावे. एप्रिलमध्ये एकदा आणि मुसळधार पावसाच्या दुसऱ्या दिवशी एकदा असे दोनदा करावे, आणि ओढ्याला जोर असेल तेव्हा मुलांना काठावर उतरू देऊ नये, बादलीला दोरी बांधून पाणी काढावे.

आमच्या बाटलीतले पाणी आम्ही असेच गाळले. दुपारी दोनला सुरुवात केली. शेवटचा पेला गाळून झाला तेव्हा शिपाईकाका दारे लावायला आले होते.